दादरला पाट्या वाचताना या चुका टाळा

दादरला ‘तीन नंबरवर ये’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा: मध्य रेल्वेचा की पश्चिम रेल्वेचा, जुना की नवा? 9 डिसेंबर 2023 च्या आधी इथे दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजत. त्या दिवशी पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्यचे 8 ते 14 झाले. बदल हवाच होता, पण जुने आकडे अजून लोकांच्या तोंडी आहेत.

मध्यच्या जुन्या आकड्यात सरसकट 7 मिळवले की फसायला होतं. जुना 1 आता 8 आहे. जुना 3 मात्र 9 आहे, 10 नव्हे. कारण मधला 2 नंबर फलाट 1 च्या रुंदीकरणात गेला. त्यामुळे 3 पासून पुढे 6 मिळवायचे.

पुलावर ‘पश्चिम’ शब्दाचा घोळ वेगळाच. पश्चिम रेल्वे म्हणजे 1 ते 7 फलाट. दादर पश्चिम म्हणजे फुलबाजाराकडे बाहेर पडणं. गाडी बदलायची असेल तर बाणापेक्षा फलाटाच्या आकड्याकडे बघा.

मध्यच्या इंडिकेटरवर सर्वांत चकवा देणारं अक्षर ‘एस’. सुरुवातीला असेल तर ती कर्जत लोकल. वेळेच्या पुढे असेल तर स्लो. कसाऱ्याचं अक्षर ‘एन’. या दोन्ही गाड्यांच्या वाटा कल्याणनंतर फुटतात, म्हणून बदलापूरला जाणारा ‘एन’मध्ये बसला की शहाड गाठतो. ‘एफ’ म्हणजे फास्ट; तो दिसला की माटुंगा, शीव, विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर विसरा. खाली सरकणारी थांब्यांची यादी पूर्ण वाचूनच चढा.

कोकणात जाणाऱ्यांची चूक तारखेची असते. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटताच सुटते. तिकिटावर 15 तारीख असेल तर 14 च्या रात्री साडेअकराला फलाटावर हवं. 15 च्या रात्री जाल तर गाडी आदल्याच रात्री गेलेली असेल. तिकिटावरचा ‘डीआर’ म्हणजे मध्यचं दादर, ‘डीडीआर’ म्हणजे पश्चिमचं.

डब्याच्या इंडिकेटरवर ‘एस 4’ दिसला म्हणून लगेच बॅगा टेकवू नका. तिथे गाडी क्रमांक आणि डबा आलटून पालटून झळकतात. तुतारीचा क्रमांक 11003 दिसेपर्यंत तो डबा आधीच्या गाडीचा असू शकतो.