हाली नोटेची किंमत काढायची तर आधी सही बघा

परभणी जिल्ह्यात तलाठी होतो. निजामकाळातले सेतवार (जमिनीच्या नोंदींची दप्तरं) वाचता वाचता उर्दू आकडे डोळ्यांत बसले, म्हणून कुणाच्या पेटीत हाली नोट, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाची नोट, निघाली की ती माझ्याकडे येते.

पहिलं सांगणं, नोटेला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. माझ्या भाच्यानं हौसेनं लॅमिनेशन करून आणली. व्यापाऱ्यानं बघितली आणि टेबलावरून परत सरकवली.

आता सन. हैदराबाद सरकारनं १९१८ पासून कागदी नोटा काढल्या. सुरुवातीच्या नोटांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या सरकारी दप्तरातला सन, असतो. त्यात ५९० मिळवा, इसवी सन येतो. १३२९ फसली म्हणजे १९१९. आकड्यांत एक खोच आहे: उर्दूतला पाच गोल असतो, आपल्याला शून्य वाटतो, खरं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात आणि आठ एकमेकांचे उलटे. घाईत माणूस दशकं चुकतो.

पुढच्या बऱ्याच नोटांवर सनच नाही. तिथं अर्थमंत्र्याची सही वाचायची. ग्लान्सी, हैदर नवाज जंग, गुलाम मोहम्मद (हे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले). नोट तीच, रंग तोच, पण सही बदलली की भाव बदलतो. रुपयाची नोट १९४० नंतरची बऱ्याच घरांत निघते, १९१९ ची फार क्वचित. हजाराची कुणी दाखवली तर मी आधी नकलीचाच संशय घेतो.

सहीच नसेल तरी लगेच खोटी म्हणू नका. मे १९२२ मध्ये ‘इजिप्त’ नावाचं जहाज फ्रान्सजवळ बुडालं. त्यात सोनं होतं आणि निजामाच्या बिनसहीच्या नोटाही होत्या. पुढे ते सोनं काढताना त्याही वर आल्या. विटलेल्या असल्या तरी संग्राहक त्यांच्यामागे असतात.

मग नोट उजेडात धरा. टाचणीची भोकं दिसतील. पूर्वी गड्ड्या टोचूनच ठेवायचे, त्यानं भाव थोडाच उतरतो. घडीवर चीर, तुटलेला कोपरा, शाईचा डाग मात्र महागात पडतो.

‘सहा कलदाराला (इंग्रजी रुपयांना) सात हाली’ हा जुना हिशेब इथं कामाचा नाही. मोबाइलवर दिसतात ते मागितलेले भाव, तेही सोडा. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नोटांचे आकडे बघा, आणि रक्कम, सही, अवस्था तिन्ही जुळली तरच आपल्या नोटेशी लावा. व्यापारी त्याहून कमीच देणार, त्यालाही ती पुढे विकायची असते.