पावसाळ्यासाठी कांदा भरून ठेवताना होणाऱ्या चुका

वैशाखात वर्षाचा गहू भरायचा, तिखट-हळद करून ठेवायची आणि त्यासोबत गोणीभर कांदाही घेऊन ठेवायचा, ही आपल्याकडील अनेक घरांची जुनी रीत आहे. गहू दिवाळीनंतरही जसाच्या तसा राहतो. कांद्याला मात्र आषाढातच कोंब फुटतात किंवा गोणीच्या तळाशी पाणी सुटलेले दिसते. याचे मुख्य कारण असे की आपण कांदाही धान्यासारखाच साठवतो. कडक उन्हात तापवणे आणि कोठीत घट्ट झाकून ठेवणे गव्हाला मानवते. कांदा हा जिवंत कंद आहे, तो साठवणीतही श्वास घेतो, ओलावा आणि उष्णता बाहेर टाकतो, आणि तो ओलावा वाहून नेणारी हवा मिळाली नाही की सडू लागतो.

साठवणीला न चालणारा कांदा घेणे

निम्म्याहून अधिक नुकसान खरेदीच्या वेळीच ठरून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येणारा लाल किंवा रांगडा कांदा स्वस्त मिळाला म्हणून गोणीभर घेतला, तर तो महिना-दीड महिन्यापलीकडे टिकेल अशी आशा धरू नये. टिकतो तो डिसेंबर-जानेवारीत लागवड होऊन मार्चअखेरीपासून मेपर्यंत निघणारा उन्हाळी कांदा. एन-2-4-1, फुरसुंगी, तसेच राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेले भीमा किरण आणि भीमा शक्ती हे वाण साठवणुकीसाठी ओळखले जातात. अर्थात, गोणीवर वाणाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक कांद्याची मान दोन बोटांत दाबून पाहावी. मान बारीक, कोरडी आणि मिटलेली असेल तरच तो कांदा साठवावा. जाड मानेचा, डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला, जोड किंवा दुभाळका, खरचटलेला, आणि वरची पत्ती निघून उघडा पडलेला कांदा वेगळा काढून आधी वापरून टाकावा. गोणी गाडीतून आपटून उतरवू नये, कारण वरून न दिसणारा मुका मार पुढे त्याच जागी सड आणतो.

उन्हात वाळवणे

गच्चीवर मिरचीशेजारी कांदा पसरणे ही सद्हेतूने केलेली, पण महागात पडणारी चूक आहे. शेतकरी काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतात सुकवतात तेव्हासुद्धा एका ओळीतील कंदांवर दुसऱ्या ओळीची पात येईल अशी मांडणी करतात, आणि त्यानंतर पात कापताना दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कांदा दहा-बारा दिवस सावलीत सुकवतात. उघड्या उन्हात कांद्याची वरची बाजू भाजून मऊ पडते. घरी आणलेला कांदा ओलसर वाटला, तर खोलीत पंख्याखाली आठवडाभर पसरून ठेवणे पुरेसे असते. उरलेली मान मुळापासून कापू नये आणि माती लागलेली असली तरी कांदा कधीही धुऊ नये.

कोंदट जागा, उंच थर

प्लॅस्टिकची पिशवी, बंद डबा, स्वयंपाकघरातील ओट्याखालचे कपाट आणि पावसाळ्यात ओल सुटणारी फरशी या चारही जागा टाळाव्यात. बांबूची टोपली, जाळीदार क्रेट किंवा जुनी बाज उत्तम. त्यावर दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नये. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगण्याची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिथे प्रत्येक कांद्याला सर्व बाजूंनी वारा मिळतो.

फ्रिजमध्येही सबंध कांदा ठेवू नये. कांदा 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात आणि 65 ते 70 टक्के आर्द्रतेत चांगला राहतो. घरगुती फ्रिजमधील गारव्याने त्याची सुप्तावस्था मोडते आणि बाहेर काढल्यावर त्याला झपाट्याने कोंब येतात. बटाटे जवळ ठेवू नयेत, कारण त्यांचा ओलावा कांद्याला बाधतो.

निवड न करणे

चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत कांदेनवमी झाली की टोपलीकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही आणि एका सडक्या कांद्यामागे शेजारचे दहा जातात. पावसाळ्यात दर आठवड्याला कांदे हाताने निवडावेत. तळाशी मऊ लागणारा किंवा वास येणारा कांदा लगेच टाकून द्यावा. पत्तीवर काजळीसारखी काळी बुरशी दिसली, तर हवा कमी पडते आहे असे समजून थर विरळ करावेत. बुरशी केवळ बाहेरच्या पत्तीवर असेल तर ती पत्ती काढून, कांदा धुऊन त्याच दिवशी वापरता येतो, आत शिरलेली असेल तर वापरू नये. कोंब आलेला, पण घट्ट असलेला कांदा खाण्यास योग्य असतो. तो आधी संपवावा, किंवा कुंडीत लावून त्याची पात आमटीत घालावी.