किडनीच्या कॅन्सरमध्ये अंगावरचं मांस झडतं तेव्हा: या चुका टाळा

मोठे बाबा बाजेवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायला लागले, तेव्हा घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. वय पासष्ट, सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपलेली, थकवा येणारच. पोट तर जागच्या जागी होतं. लघवीत रक्त दिसून सोनोग्राफीत डाव्या किडनीवर गाठ निघाली, तोवर तीन महिने गेले होते. मी आहारतज्ज्ञ. लोकांच्या ताटात काय आहे हे विचारत गावोगाव हिंडते, आणि घरातल्या माणसाच्या मांड्या पायजम्यात सैल पडल्यात हे मला दिसलं नाही.

पुढे यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत याच आजाराची आणखी माणसं भेटत गेली. प्रत्येक घरात त्याच त्या चुका, आणि बहुतेक मायेपोटी केलेल्या.

‘खात नाही म्हणून वाळला’

सगळ्या चुकांचं मूळ या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गाठ किडनीत एका जागी असते. पण ती गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या आपल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं रक्तात सोडत राहतात. त्यातून अंगभर मंद जाळ पेटतो. डॉक्टर त्याला इन्फ्लमेशन म्हणतात, पुस्तकात त्याला दाह म्हणतात. रिपोर्ट समजावताना मात्र बहुतेक वेळा ‘अंगात सूज आहे’ एवढंच कानावर पडतं. मग घरचे पाय दाबून बघतात, खड्डा पडत नाही, आणि म्हणतात, ‘सूज कुठाय? डॉक्टर काहीही सांगते.’ ही सूज रक्तात असते. ती सीआरपी नावाच्या तपासणीत दिसते.

या जाळामुळे एकाच वेळी बरंच काही घडतं. स्नायू तुटण्याचा वेग वाढतो आणि नवे बांधण्याचा मंदावतो. मेंदूतली भुकेची जाणीव दबते, म्हणजे माणूस नखरे करत नसतो, त्याला खरोखर भूक नसते. अधूनमधून कणकण येते, रात्री घाम फुटतो. म्हणून नुसतं खाऊ घातल्याने हे मांस पूर्ण भरून येत नाही, कारण एका बाजूने टाकलेलं दुसऱ्या बाजूने जळत असतं. गाठीवरचे उपचार हाच जाळ विझवायचा मुख्य मार्ग. आहार आणि हालचाल ही त्याच्या जोडीची कामं, आणि ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवीत, माणूस खाटेला लागल्यावर नाही.

आमच्याकडे रोज संध्याकाळी जुंपायची. मोठी आई भाकर कुस्करून पुढे धरायची, ‘खा ना जी थोडंसं, कायले उपाशी राहता?’ आणि ते ताट सरकवायचे, ‘मले नाई जमत.’ दोघंही रडकुंडीला. रात्रीच्या जेवणाचा आग्रह सोडला आणि सकाळी सात-आठला, भूक त्यातल्या त्यात बरी असते तेव्हा, मोठा घास ठेवला, तेव्हा कुठे भांडण मिटलं. बाकी दिवसभर दोन-दोन तासांनी वाटीभर काहीतरी.

वजनकाट्यावर विसंबणं

किराणा दुकानातल्या काट्यावर वजन तेवढंच भरलं की घरचे निश्चिंत होतात. पण पायात पाणी साचलं, पोटावर चरबी असली किंवा गाठच मोठी असली तर स्नायू गेले तरी काटा हलत नाही. किडनीचा कॅन्सर लठ्ठ माणसांत जास्त दिसतो, त्यामुळे ‘पोट आहे म्हणजे ताकद आहे’ हा घोटाळा इथे हमखास होतो.

घरी बघायच्या खुणा सोप्या आहेत. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला बारा सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, मोबाईलवर मोजा. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड घेर घ्या. आशियाई लोकांसाठी पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली घेर भरला तर शंका घ्यायची. पाय सुजलेले असतील तर हे माप फसवं. शिवाय रोजचं काम बघा: हापशाचा दांडा जड वाटतो का, भरलेला गुंड उचलवतो का, संडासात उकिडवं बसल्यावर उठायला भिंत धरावी लागते का. वजन सहा महिन्यांत आपोआप पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोच्या वर, तर ते पुढच्या तपासणीपर्यंत राखून ठेवायचं नाही.

आणखी एक, फारसं कोणी विचारत नाही असं. या आजारात सीटी स्कॅन झालेलाच असतो. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या चित्रात स्नायू किती उरलेत हे मोजता येतं. वेगळा खर्च नाही, वेगळी तपासणी नाही. ‘स्कॅनमध्ये स्नायू कसे दिसतात?’ हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

डाळ बंद

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. किडनीचं नाव निघालं की शेजारपाजारचे सांगतात, ‘डाळ बंद, दूध बंद, अंडं तर नावच नको.’ कोणाच्या तरी मेव्हण्याची किडनी फेल झालेली असते, त्याचं पथ्य इकडे चिकटवलं जातं. किडनी निकामी होणं वेगळं आणि एका किडनीत कॅन्सरची गाठ असणं वेगळं. दुसरी किडनी नीट काम करत असेल तर प्रथिनं आपणहून तोडायचं कारण नाही. उलट कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान एक आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम.

आता आपलं दिवसभराचं ताट बघू. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर पातळ वरण, मूठभर तांदळाचा भात: सगळं मिळून २० ते २५ ग्रॅम. निम्म्यावरच गाडी अडली. त्यात दोन अंडी घातली की १२, एक पेला दूध ६, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, दुकानात मिळणाऱ्या सोया वड्या पंचवीस ग्रॅम की १२-१३. झालं. महागडा पावडरचा डबा यात कुठेच आला नाही. अंडी न खाणाऱ्यांनी झुणका आणि पातोडी घट्ट बेसनाची करावी, वरणाचं पाणी नव्हे तर तळाची डाळ वाढावी. घरचं सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट भाजून देऊ नका, ते नीट शिजल्याशिवाय पचत नाही. गंमत बघा, अख्खा तालुका सोयाबीन पिकवतो आणि वड्या मात्र पुडीतून विकत आणतो.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा पोटॅशियम जास्त असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा ‘कमी खा’ एवढ्यावर उठू नका, दिवसाला किती ग्रॅम ते कागदावर लिहून मागा. आणि क्रिएटिनिनची एक मेख लक्षात ठेवा: ते स्नायूंतून तयार होतं. स्नायू झडले की क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी भासते. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी असते.

रिपोर्टमधले आकडे एकेकटे धरून उपाय

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ३.५ च्या खाली दिसलं की अंड्याच्या पांढऱ्याचा मारा, हिमोग्लोबिन ९ दिसलं की बीट, पालक आणि लोहाच्या गोळ्या. महिन्याने आकडे तिथेच. मग बिचाऱ्या रुग्णावरच खापर, की हा चोरून फेकून देतो.

दाह पेटलेला असताना यकृत अल्ब्युमिनचं काम मागे ठेवून सीआरपीसारखी प्रथिनं बनवायला घेतं. लोहाचंही तसंच: शरीर ते कोठारात कुलूपबंद करतं, रक्त बनायच्या जागी पोचू देत नाही. म्हणून अल्ब्युमिन आणि सीआरपी शेजारी ठेवून वाचायचे, हिमोग्लोबिनच्या शेजारी फेरिटिन, म्हणजे कोठारात किती लोह आहे ते सांगणारी तपासणी. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, ही जोडी दिसली तर डॉक्टरांशी आहाराविषयी वेगळं बोलायलाच हवं. लोह द्यायचं की नाही हेही त्यांनी ठरवावं.

ताकदीची बाटली

‘लय अशक्त झाले, दोन बाटल्या लावून घ्या.’ पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका भाकरीपेक्षा कमी. साध्या सलाइनमध्ये तर शून्य, वरून साडेचार ग्रॅम मीठ. जुलाब-उलट्यांनी पाणी आटलं असेल तर बाटली जीव वाचवते, पण स्नायू भरत नाही, आणि किडनी कमजोर असेल तर ते पाणी पायांत आणि छातीत साचतं.

जिथे बाटली लावतात, तिथेच कमरेत एक वेदनाशामक इंजेक्शनही मिळतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची वेदनाशामकं उरलेल्या किडनीला सरळ इजा करू शकतात. ‘दाह आहे ना, मग दाह कमी करणारी गोळी घेतो’ हा तर्क इथे उलटतो. स्टेरॉइडने भूक चार दिवस उघडते खरी, पण ते लांबलं तर तेच स्नायू खातं. कोणाच्या तरी ओळखीच्या वैदूचं भस्म? त्यात जड धातू असू शकतात. नको.

गोळी चालू झाल्यावर

सुनिटिनिब, पाझोपॅनिबसारख्या किडनीच्या कॅन्सरवरच्या गोळ्यांनी तोंड येतं, चव जाते, जुलाब होतात. यातलं पुष्कळ आटोक्यात आणता येतं, पण त्यासाठी सांगावं लागतं. आमच्याकडची माणसं तपासणीला गेल्यावर ‘बरं आहे’ म्हणून परत येतात! पाझोपॅनिब उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. सवयीने जेवणानंतर घेतली तर रक्तात औषध जास्त चढतं आणि त्रास वाढतो. सुनिटिनिबने थायरॉइड मंदावू शकतं, ते ‘कॅन्सरचाच थकवा’ म्हणून खपून जातं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. उपचार चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन.

‘आराम करा’

२००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. त्यांना कॅन्सर नव्हता.

तरी व्यायाम उद्यापासूनच सुरू करा असं मी सांगणार नाही. किडनीचा कॅन्सर हाडांत पसरू शकतो आणि अशी हाडं थोड्या भारानेही मोडू शकतात. पाठीत, मांडीत, खांद्यात रात्री ठणकणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले की खुर्चीवरून उठबस, एक लिटर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, आणि पहाटे वेशीपर्यंत चालणं. ऑपरेशन झालं असेल तर वजन कधीपासून उचलायचं ते विचारून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळी आठनंतर बाहेर पडायचंच नाही. उरलेल्या किडनीला पाणी कमी पडणं परवडत नाही.

मोठ्या बाबांची किडनी फेब्रुवारीत काढली. महिन्याभराने सर्जनच्या परवानगीने मोठ्या आईने ओसरीत लाकडी खुर्ची ठेवली आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर उठबशीचे सेकंद लिहायला घेतले. पहिला आकडा २२. मध्ये एकदा जुलाबाने २५ झाला, तेव्हा तिने तो खोडून टाकला होता, मी पुन्हा लिहायला लावला. पोळ्याच्या दिवशी बैल धुवून आल्यावर मोजला: १४.