जुन्या टीव्हीवर प्लेस्टेशन २ चे चित्र स्वच्छ कसे मिळवावे

प्लेस्टेशन २ सोबत येणाऱ्या पिवळ्या पिनच्या केबलने पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर अक्षरे पुसट दिसतात आणि लाल रंग कडेने पसरतो. टीव्हीच्या मागे हिरवे, निळे आणि लाल असे तीन व्हिडिओ सॉकेट असतील, तर कंपोनंट केबल जरूर घ्यावी. चित्रातील फरक पहिल्याच मेनूत जाणवतो.

१. आधी जुनीच केबल जोडून, डिस्क न घालता कन्सोल सुरू करावा.
२. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ हा पर्याय ‘आरजीबी’वरून ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर न्यावा. ही पायरी नंतरवर ठेवल्यास नव्या केबलवर रंग विचित्र दिसतात आणि केबलच सदोष असल्याचा गैरसमज होतो.
३. कन्सोल बंद करून केबल बदलावी. तिच्यात लाल पिना दोन असतात. हिरव्या-निळ्याच्या जोडीची व्हिडिओची, तर पांढरीच्या जोडीची आवाजाची.
४. टीव्हीची शार्पनेस बरीच कमी करावी.

काही गेम ४८०पी चित्राचा, म्हणजे पडद्यावरच्या ४८० ओळी एकाच फेरीत दाखवण्याचा, पर्याय देतात. तो सहसा नाकारावा, कारण पिक्चर ट्यूबचे बहुतेक साधे टीव्ही केवळ १५ किलोहर्ट्झच्या आसपासचा (सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींचा) संकेत स्वीकारतात आणि ४८०पीला त्याच्या दुप्पट लागतो.