पहिल्या फवारणीआधी पानं उलटी करून बघा

पेरणीला महिना झाला, पावसाने उघडीप दिली, पण आभाळ भरलेलंच. अशा दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसू लागते आणि हात लगेच पंपाकडे जातो. या आठवड्याचा सल्ला एवढाच की पंप उचलण्याआधी एक सकाळ शेतात घालवा आणि पिकावर कोण कुणाला खातंय ते मोजा.

शेतात स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं ते पीक आणि तण. बाकीचे सगळे त्यांच्या जिवावर जगतात. मावा, तुडतुडे, अळ्या थेट पिकावर. ढालकिडे (लेडीबर्ड), कोळी आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या या किडींवर. आणि पक्षी, बेडूक, सरडे या दोघांवरही. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पोचते, हे रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये तळ्यातल्या जीवांवरून मांडलं. हा आकडा जागेनुसार बराच बदलतो, पण वरच्या पायरीवरचे जीव नेहमी थोडेच असणार हे त्यातून कळतं. त्यामुळे किडींना खाणारे मित्रकीटक कमी दिसले म्हणजे ते निकामी आहेत, असं समजू नका.

ते उशिरा येतात, हीच खरी अडचण. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडाभरात मोठी होऊन स्वतः पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला जवळपास तीन आठवडे लागतात, शिवाय खायला मावा असल्याशिवाय मादी तिथे अंडी घालायला फारशी येत नाही. म्हणजे मावा आधी वाढणार, ढालकिडा मागून येणार. नेमकी या मधल्या दिवसांत फवारणी झाली की नुकती घातलेली अंडी आणि कोवळ्या अळ्या मरतात. पानाखाली वाचलेला थोडा मावा मात्र पुन्हा वाढतो, आणि आता त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. कीटकनाशकांनी शिकारी कोळी मेले, तुडतुड्यांची अंडी खाणारे पिकावरचे ढेकूणही मेले आणि तुडतुडे उलट वाढले. शेवटी १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली.

आता बघायचं कसं? शेतात नागमोडी चालत २०-२५ झाडं निवडा, शेंड्याची आणि मधली पानं उलटी करा. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याची अळी फारच थोडे. काळसर, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, चाल सुसरीसारखी. हिलाच कीड समजून चिरडणारे मी खूप पाहिलेत. मावा खाण्याचं मोठं काम तीच करते. पानावर पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तो बहुधा तिचाच. केसासारख्या देठाच्या टोकाला एकेक अंडं असेल तर ते क्रायसोपाचं. माव्यामध्येच काही फुगलेले, कागदासारखे कोरडे, सोनेरी-तपकिरी दिसतात. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. पाठीला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात निघालेली असते. उलटी लटकलेली, मऊ पडलेली अळी विषाणूने, तर पांढऱ्या किंवा हिरव्या बुरशीने मढलेली अळी बुरशीने मेलेली असते. त्या वेचून फेकू नका, तो रोग इतर अळ्यांना लागू द्या.

एका नावाचा घोळ मात्र टाळा. ‘कोळी’ म्हणून जाळं विणणारा शिकारीही ओळखला जातो आणि पानाचा रस शोषणारा लाल कोळीही. पहिला ठेवायचा, दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारली की लाल कोळी बरेचदा भडकतो, कारण त्याला खाणारे आधी मरतात.

झाडावर मुंगळ्यांची ये-जा असेल तर वर मावा आहेच असं धरा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी ते त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. अशा ठिकाणी मित्रकीटकांवर विसंबून चालत नाही. मुंगळ्यांचा बंदोबस्त करा किंवा तेवढेच शेंडे खुडून टाका.

मोजलेल्या झाडांना खूण करून तीन-चार दिवसांनी तीच पुन्हा बघा. मावा स्थिर किंवा कमी आणि अळ्या, फुगलेले मावे वाढलेले दिसले तर थांबा. मावा वाढतोय, पिकासाठी ठरलेली आर्थिक नुकसान पातळी (म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान जास्त होईल एवढी कीड) ओलांडतोय आणि त्याला खाणारं कुणी दिसत नाही, तर फवारा, पण प्रादुर्भाव आहे त्याच पट्ट्यात, संध्याकाळी, त्या किडीपुरतं काम करणारं औषध घेऊन.

बांधावरची फुलं सगळी खुरपून टाकू नका. क्रायसोपाचे प्रौढ आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माश्या परागकण व मधावर जगतात. शिकार करतात त्या त्यांच्या अळ्या.

जमिनीखालचं थोडक्यात. उशिरा पेरणी करायची असेल तर कोरडं काड पेरणीच्या तोंडावर गाडू नका. ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशी स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र घेतात आणि रोपं पिवळी पडतात. काड वर पसरून ठेवा किंवा आधी कुजवून घ्या.

अळ्या वेचणाऱ्या पक्ष्यांसाठी पिकापेक्षा उंच काठ्यांचे थांबे आत्ता लावा. कणसात दाणे भरू लागले की मात्र ते काढून घ्या, कारण अळ्या खाणारे बरेच पक्षी दाणेही टिपतात.