प्रहसन तीन मोबाइलवर उतरवायचंय? ल्यूसीकडून शिका

आमच्या इंदूरच्या मंडळाचं गणपतीतलं प्रहसन दरवर्षी कुणीतरी चौथ्या रांगेतून मोबाइलवर टिपतं. त्यात नटांपेक्षा पुढच्या काकांचं टक्कल जास्त दिसतं. नीट टिपायचं असेल, तर 'आय लव्ह ल्यूसी' ही जुनी अमेरिकन विनोदी टीव्ही मालिका कशी चित्रित व्हायची ते आधी समजून घ्या.

१९५१ साली सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीला ही मालिका न्यूयॉर्कहून थेट दाखवायची होती. तसं झालं असतं तर देशाच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेली पुसट फिल्म बघावी लागली असती. ल्यूसिल बॉल आणि डेसी अर्नाझ हे मालिकेत काम करणारं नवरा-बायकोचं जोडपं हॉलिवूड सोडायला तयार नव्हतं. मग ठरलं: समोर प्रेक्षक, तीन कॅमेरे, ३५ मिलिमीटरची फिल्म. खर्च वाढला, म्हणून दोघांनी मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली.

मी लाइटवाला, त्यामुळे सुरुवात उजेडापासून. ल्यूसीचे कॅमेरामन होते कार्ल फ्रॉइंड, 'मेट्रोपोलिस' या जुन्या जर्मन मूकपटाचे. सिनेमात प्रत्येक शॉटला लाइट हलवता येतात. इथे तिन्ही कॅमेरे एकदम चालू. त्यांनी दिवे वर टांगले आणि सगळीकडे सारखा उजेड पाडला. आपणही एलईडी पॅनल उंच लावायचे, खाली पायाशी एकही नको. सोफा मागच्या पडद्यापासून चार फूट पुढे ओढा, म्हणजे सावल्या पडद्यावर नाचत नाहीत. पांढरंशुभ्र धोतर चहाच्या पाण्यातून काढा. मोबाइलला ते शुभ्र धोतर दिसलं की तो नटाचा चेहरा काळा करून टाकतो. (धोतर कुणाचं आहे ते मात्र आधी विचारा.)

मधला मोबाइल रुंद फ्रेमचा. दोन्ही दारं त्यात आली पाहिजेत, आणि सुरू केल्यावर त्याला कुणी हात लावायचा नाही. डावीकडच्याने उजवीकडचा नट धरायचा, उजवीकडच्याने डावीकडचा. तरच चेहरे समोरून मिळतात. तिन्हींवर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसतात. एक्स्पोजर लॉक, फ्लाइट मोड. सुरू झाल्यावर एकाने रंगमंचावर येऊन जोरात टाळी वाजवायची.

आवाजात कंजुषी नको. ल्यूसीच्या सेटवर प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असत. हसू तिथलंच, त्या संध्याकाळचं. एक रेकॉर्डर नटांसाठी आणि दुसरा प्रेक्षकांसाठी ठेवा. आपल्याकडे नटाआधी पंच म्हणून टाकणारे एक भाऊ असतातच. तेही येऊ द्या रेकॉर्डिंगमध्ये. नटांना मात्र तालमीतच बजावा, हशा ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. आणि कॅमेऱ्यासाठी प्रयोग थांबवायचा नाही, काहीही सांडो. एकदा थांबवलंत की प्रेक्षक चहाच्या वाटेला लागतो.

संकलनाला डॅन कान यांच्याकडे तिन्ही फिल्म शेजारीशेजारी चालवणारं मोविओला हे संकलनाचं यंत्र होतं. तुमच्याकडे लॅपटॉप आहे. तीन फायली त्या टाळीवर जुळवा. मग हात आवरा. १९५२ च्या 'जॉब स्विचिंग' भागात कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं सुसाट येतात आणि ल्यूसी नि तिची मैत्रीण एथेल ती तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबतात. दोघी आणि पट्टा एकाच फ्रेममध्ये आहेत म्हणून ते हसवतं. क्लोजअप घुसवला असता तर गंमत अर्धी झाली असती. हाताचा विनोद असेल तिथे रुंद शॉट, शब्दाचा असेल तिथे चेहरा, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याइतकाच कामाचा.

मूळ फायली कुणाच्या, हे प्रयोगाआधी कागदावर लिहून घ्या. फिल्मच्या त्या मालकीमुळेच ल्यूसिल-डेसीच्या डेसिलू कंपनीला पुढे पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकता आले. आपल्याला कोण पैसे देणार म्हणा, पण पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते आणि पेनड्राइव्ह कुणाकडे गेला ते सापडत नाही. दोन प्रती करा. एक मंडळाच्या कपाटात, दुसरी संहिता लिहिणाऱ्याच्या घरी.