धर्माचा अभ्यास करायचाय? आधी चपला कुठे ठेवतात ते बघा

मुंबईत ‘धर्म अभ्यास विभाग’ अशी पाटी शोधत मुंबई विद्यापीठाच्या कलिनाच्या आवारात शिरलात, तर अख्खी दुपार जाईल आणि पाटी काही दिसणार नाही. विषय आहे, पण भावंडांत वाटणी झाल्यासारखा आहे. थोडा तत्त्वज्ञानाकडे, थोडा समाजशास्त्राकडे, थोडा संस्कृत आणि पालीकडे, बराचसा इतिहासाकडे. आणि एक मोठा तुकडा कायद्याकडे, जो नवख्याला कुणी सांगतच नाही. दर जून-जुलैत कुणी ना कुणी ओळखीतून फोन करतं, ‘ताई, नक्की कुठे ॲडमिशन घेऊ?’ म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आधी हा विषय काय नाही ते सांगते. इथे पौरोहित्य शिकवत नाहीत, प्रवचन करायला शिकवत नाहीत, आणि कुठला धर्म श्रेष्ठ याचा निकालही लावत नाहीत. मी हे शिकायला लागले तेव्हा आमच्या परळच्या चाळीतल्या एका काकूंनी सत्यनारायणाला गुरुजी मिळेना म्हणून मला विचारून बघितलं होतं. माझ्या बाबांच्या युनियनमधल्या मित्रांना उलट वाटायचं की ही आता देवळांविरुद्ध मोर्चे काढणार. दोन्हीकडचा अंदाज चुकीचा. माणसं धर्माच्या नावाने काय करतात, कधीपासून करतात, कोण करू देतं, कोण अडवतं आणि खर्च कोण उचलतं, एवढं नीट लिहून काढायचं. खरं की खोटं हा प्रश्न त्यानंतरचा. कित्येकदा तो विचारायची वेळच येत नाही.

हे सरकारी पैशावर शिकवता येतं का, असंही लोक विचारतात. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलंय. आपण दुसऱ्या खोलीत बसतो.

आता कुठे जायचं ते. समाजात धर्म कसा चालतो हे बघायचं असेल तर समाजशास्त्र. मुंबई विद्यापीठाचा हा विभाग 1919चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. त्यांनी जातीवर लिहिलं तसं साधूंवरही लिहिलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ग्रंथांत शिरायचं असेल तर संस्कृत किंवा पाली. विद्याविहारला सोमैयांकडे बौद्ध आणि इतर भारतीय धर्मपरंपरांचे अभ्यासक्रम चालतात. झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी 1926 साली उभी केलेली संस्था आहे, तिथलं ग्रंथालय प्राचीन इतिहासासाठी चांगलं. फोर्टमधली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट 1916ची. अवेस्ता म्हणजे पारशांचे धर्मग्रंथ, पहलवी म्हणजे जुनी इराणी भाषा, शिवाय पारशी इतिहास म्हटलं की तिथेच जावं लागतं. आणि टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक, ती तर 1804 पासूनची. अर्धवेळ अभ्यासक्रमांची नावं आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका, चालू वर्षाची जाहिरात स्वतः बघा.

नोकरी सांभाळून शिकणार असाल तर पालीचा वर्ग एकदा बघून याच. आमच्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, बेस्टमधले एक होते, दोन नर्स होत्या. बहुतेक जण आंबेडकरी चळवळीतून आलेले. त्यांच्यासाठी तो परीक्षेचा विषय नव्हता. 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरला दीक्षा घेतलेल्या घरांतली ती माणसं. आजीने काय सोडलं आणि काय धरलं ते ती आठवून सांगायची. त्याच वर्गात एक मुलगा फक्त भाषाशास्त्रासाठी आलेला. त्याने एकदा एका सुत्तातला, म्हणजे बुद्धाच्या उपदेशातला, एक भाग नंतर घुसडलेला असावा असं म्हटलं आणि तासभर वाद पेटला. बाईंनी कुणालाच गप्प केलं नाही. वाद निवल्यावर दोघांनाही एकच काम दिलं: त्या भागाचे वेगवेगळे पाठ शोधून आणा. श्रद्धा असलेला आणि नसलेला एकाच बाकावर बसून काम करू शकतो, हे मी तिथे बघितलं. तुम्ही श्रद्धाळू आहात की नाही याने काही अडत नाही. पुरावा दाखवता आला पाहिजे, एवढंच.

आता चपलांकडे येते. आमच्या एका सरांनी पहिलंच काम दिलं ते असं: एका धर्मस्थळी जा आणि देवाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी चपला कुणाकडे ठेवतात ते लिहा, मग हार-फुलं कुणाकडून घेतात, रांग कोण लावतं, बायकांची रांग वेगळी आहे का, पेटीची किल्ली कुणाकडे. ऐकायला गंमत वाटते, पण करून बघा. देवळाबाहेरचा फुलवाला चपला फुकट सांभाळतो, कारण हार त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. ती जागा त्याला कुणी दिली, ट्रस्टने की पालिकेने, हे विचारत गेलात की त्या देवस्थानाचा निम्मा इतिहास हाताला लागतो.

मी माहीमचा बुधवार निवडला होता. सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे मदर मेरीच्या प्रार्थनेला, गर्दी होते आणि त्या गर्दीत ख्रिस्ती नसलेली माणसं भरपूर असतात. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाच्या वस्तू मांडलेल्या: हात, पाय, घर, बाळ. ज्याचं जे दुखणं किंवा जी इच्छा, तो तसं मेण वाहतो. प्रार्थनेत लोकांची आभाराची पत्रं वाचून दाखवतात. चर्चमध्ये चपला काढायचा नियम नाही. तरी काही बायका पायरीशी चपला काढून, पदर सारखा करून आत जात होत्या. त्यांतल्या एकीला विचारलं तर म्हणाली, ‘बाईकडे जाताना चपला घालून कशी जाऊ?’ जनगणनेच्या अर्जात ही बाई एकाच रकान्यात बसते. बुधवारी ती कुठे बसते? माझा पहिला निबंध या प्रश्नावर होता आणि सरांनी त्यावर लाल शाईने फक्त ‘पुढे?’ एवढंच लिहिलं.

पुढचं उत्तर मला मिळालं ते मलिद्याच्या ताटात. बेने इस्राएली म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. मांडवीचं त्यांचं जुनं सिनेगॉग 1796चं. आता मुंबईपेक्षा ठाण्यात त्यांची वस्ती जास्त दिसते. त्यांच्याकडे नवस फेडताना किंवा शुभकार्याला संदेष्टा एलियाच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. प्रार्थना हिब्रू, गप्पा मराठी. एका ओळखीच्या घरी मला बोलावलं तेव्हा आजी पोह्यांना गूळ चोळताना सांगत होत्या की फळं किती प्रकारची हवीत यावर त्यांच्या सासूबाईंचा कटाक्ष होता. मी वहीत ‘हिंदू प्रभाव’ असं लिहिणार होते. पण आजींच्या लेखी त्यात दुसऱ्या कुणाचं काहीच नव्हतं. कोकणात पोहे आणि नारळ सगळ्यांचेच. प्रभाव, मिश्रण, संगम हे शब्द या विषयात फार स्वस्तात मिळतात. ताटातला कुठला पदार्थ कुणाचा हे सिद्ध करता येत नसेल तर न वापरलेले बरे.

मग धर्मांचे हे रकाने आले कुठून? याचं उत्तर निदान मुंबईपुरतं तरी बऱ्याच अंशी कोर्टात सापडतं. मला तर हा भाग इतका आवडतो की कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

खोजा समाजाचं बघा. 1847 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांच्यापुढे वारशाचा खटला आला. खोजा मुसलमान, तरी त्यांच्यात मुलींना वाटा न देण्याची रूढी हिंदूंसारखी, आणि कोर्टाने ती रूढी मान्य केली. पुढे 1866 साली हायकोर्टात आगाखान खटला उभा राहिला. आगाखान म्हणजे इस्माइली पंथाचे इमाम; त्यांचा अधिकार आणि जमातीची मालमत्ता यांवरून तंटा. एक गट म्हणत होता आम्ही मुळात सुन्नी. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी त्या समाजाच्या इतिहासाचा कीस पाडला. पुराव्यात ‘दशावतार’ नावाची रचनाही आली, जिच्यात दहावा अवतार म्हणून हजरत अली येतात. निकाल लागला: खोजा हे शिया इमामी इस्माइली. एकाच समाजाला एका खटल्यात हिंदू रूढी लागू आणि दुसऱ्यात शियांमधला नेमका पंथ ठरवून दिलेला, तोही इंग्रज न्यायाधीशांनी.

1908चा पारशी पंचायतीचा खटलाही असाच. आर. डी. टाटांच्या फ्रेंच पत्नीने झरतुष्ट्री धर्म स्वीकारला होता; अग्यारी म्हणजे अग्निमंदिर आणि डुंगरवाडी म्हणजे पारशांची अंत्यविधीची जागा, यांवर तिचा हक्क आहे का, हा प्रश्न. दावर आणि बीमन या न्यायमूर्तींनी पारशी कोण याची व्याख्याच करून टाकली. बाप पारशी आणि आई परकी असेल तर रीतसर धर्मात घेतलेली मुलं पारशी. आई पारशी आणि बाप परका असेल तर त्या व्याख्येत जागा नाही. त्या ओळींवरून आजही वाद होतात. म्हणून म्हणते, कायद्याची भीती बाळगू नका. जुने निकाल वाचायला लागलात की कादंबरी बाजूला राहते.

सगळंच काही रकान्यात बसवलेलं नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला जा आणि 90 क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढा. बौद्ध लेणं, आणि भिंतीवर पहलवी अक्षरं: इ. स. 1009 आणि 1021 साली इथे येऊन गेलेल्या पारशांची नावं. ते का आले होते, यात्रेला, व्यापाराच्या वाटेवर की नुसते बघायला, यावर हवा तेवढा तर्क करा, फक्त तो तर्क आहे हे लिहा. सोमवारी पार्क बंद असतं.

वाचनाबद्दल थोडक्यात. दुर्खीम, वेबर हे समाजशास्त्रज्ञ अभ्यासक्रमात येतातच, तेव्हा त्यांची धास्ती नको. दुर्खीमने 1912 साली पवित्र आणि लौकिक यांत जी रेघ ओढली ती माहीमच्या पायरीवर तपासून बघा, म्हणजे तो कळेल. पण सुरुवात रा. चिं. ढेऱ्यांपासून करा. त्यांचा विठ्ठलावरचा 1984चा ग्रंथ म्हणजे पुरावा कसा लावावा याचा वस्तुपाठ आहे. वारकरी घरातल्या माणसाला तो आधी खटकतो आणि मग सोडवत नाही. दा. ध. कोसंबी पेशाने गणिती, पण देवीची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का असतात हे त्यांनी पायी हिंडून बघितलं. पां. वा. काण्यांनी मुंबईत वकिली करून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, 1930 ते 1962. ते पुरे वाचायला जाऊ नका, सूची वापरायला शिका.

फील्डवर्कला जाणाऱ्यांसाठी: फोन खिशात ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा आणि नाही म्हटलं तर तिथेच थांबा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, त्यावर ओळखी काढून खटपट करू नका. बायकांनी कुठवर जायचं हे जागेजागी वेगळं असतं. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ देण्याचा निकाल हायकोर्टाने 2016 साली दिला, तेव्हा नियम बदलतात हेही लक्षात असू द्या. आणि कुणी तुम्हाला आपल्या बाजूने ओढायला लागलं तर चहा प्या, वही बंद करा, उद्या या.

पोटापाण्याचं आता सरळ सांगते. नेट परीक्षेत तुलनात्मक धर्म हा विषय आहे, पण आपल्याकडच्या कॉलेजांतल्या जागा निघतात त्या तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, इतिहास, पाली अशा नावाने. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए. त्यांपैकी एकात करा आणि धर्म हा आपला संशोधनाचा भाग ठेवा. याच नावाचा पूर्ण विभाग हवा असेल तर पतियाळाला पंजाबी विद्यापीठात आहे. शिकवण्यापलीकडे संग्रहालयं, प्रकाशन, भाषांतर, माहितीपटांसाठीचं संशोधन अशी कामं मिळतात. मी स्वतः प्रकाशनात आहे. पगार बेताचे. घरचा हप्ता डोक्यावर असेल तर आहे ती नोकरी सोडू नका, संध्याकाळचे वर्ग आणि रविवार यांत बरंच काही होतं.

मोडी मात्र शिकून घ्या. पुराभिलेख खात्याचं दफ्तर फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. देवस्थानांची इनामं, पुजाऱ्यांच्या पाळ्या, उत्पन्नाचे वाटे, कुठल्या गावच्या पालखीचा मान कुणाचा यावरची भांडणं, हे सगळं मोडीत पडून आहे आणि वाचणारे कमी आहेत. 1950 नंतरचं बघायचं असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. सार्वजनिक ट्रस्टांची नोंदणी, घटना, हिशेब तिथे दाखल होतात. अर्ज करताना ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आधी मिळवून ठेवा. तो बहुधा पावतीपुस्तकावरच छापलेला असतो, तेव्हा अकरा रुपये टाका आणि पावती मागून घ्या.